ए बाई, सरक की बाजूला!

चनबसप्पा अण्णा टीव्ही बघायला बसले की पडद्यावर माणूस आलेला त्यांना खपत नाही. मालिकेतली नायिका रडत रडत विहिरीपाशी येते, पदर सावरते आणि नेमकी विहिरीच्या पुढ्यात उभी राहते. कर्नाटकातलं आमचं सगळं आळंद गाव तिच्यासाठी हळहळत असतं आणि अण्णा ओरडतात, "ए बाई, सरक की बाजूला! विहीर दिसंना झालीय!"

आमच्या गल्लीच्या तोंडाशी अण्णांची पिठाची गिरणी आहे. गिरणीत उंच भिंतीवर एक टीव्ही आहे. त्यावर पिठाचा इतका थर असतो की त्यातल्या विशीतल्या पोरीही साठीच्या दिसतात. गिरणी सुरू झाली की शेजारी उभं राहून कुणी शिव्या दिल्या तरी ऐकू येत नाहीत, तिथं टीव्हीचं काय ऐकू येणार? त्यामुळे अण्णांनी आयुष्यभर मालिका मुक्याच बघितल्या. कोण कुणाची सून, कुणी कुणाच्या दुधात काय मिसळलं, याचा त्यांना पत्ता नसतो. मग बघायचं काय? तर मागचं. घरं, घाट, पायऱ्या, डोंगर, विहिरी.

"माणसं अ‍ॅक्टिंग करतेत, बाई," ते मला सांगतात. "विहीर करत न्हाई."

मी शाळेत शिकवते, म्हणून मला सगळी गल्ली 'बाई' म्हणते. अण्णाही म्हणतात. फक्त त्यांच्या तोंडी ते सांत्वन केल्यासारखं वाटतं.

पडद्यावर जे आवडलं तिथं जायचं, हा अण्णांचा छंद. मालिकावाले गावाचं नाव सांगत नाहीत, पण अण्णा ते शोधून काढतात. कौलांचा रंग, मागून गेलेली एसटी, शेतात ऊस आहे की ज्वारी, यावरून ते तालुक्यापर्यंत पोचतात. मग गिरणीत आलेल्या प्रत्येकाला विचारून गाव पक्कं करतात. त्यासाठी एक वही आहे. तीत प्रत्येक सहलीचं पान वेगळं. कुठल्या गाडीनं जायचं, जेवायचं कुठं, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात 'पायऱ्या किती'. हे पायऱ्यांचं कलम त्यांच्या बायकोच्या, गौराक्कांच्या गुडघ्यांसाठी. काश्मीरचंही पान आहे. बर्फात पातळ साडी नेसून नाचणारी बाई बघून त्यांनी त्या पानावर लिहिलंय, 'गौराला स्वेटर दोन. ह्या बाईला पण एक न्यावं.'

प्रत्यक्षात सहली क्वचितच होतात, कारण गिरणी बंद ठेवली की गल्लीचा स्वयंपाक अडतो. आणि अण्णांचे नियम कडक. त्यांची बहीण बिदरला मैलूरमध्ये राहते. तिच्याकडे ते पन्नासदा तरी गेले असतील, पण बिदरचा किल्ला कधी आतून बघितला नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायचे, "त्यात काय बगायचंय? टीव्हीत आलाय का?" मग एका सिनेमात तो किल्ला दिसला. दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप लावून अण्णा सपत्नीक बिदरला. येऊन मला म्हणाले, "लई भारी हाय, बाई. डिट्टो सिनेमातल्यावानी हाय."

घरातला टीव्हीही ते मुकाच ठेवतात. गल्लीला वाटायचं, कंजूष माणूस. मी एकदा विचारलंसुद्धा, "अण्णा, इथं कुठं गिरणी आहे? आवाज लावा की." ते गंभीरपणे म्हणाले, "आवाजाला करंट लई लागतोय, बाई." मी विज्ञान शिकवते. तरी क्षणभर विचारात पडले.

गौराक्कांबद्दल मात्र माझं मत फारसं बरं नव्हतं. उंच, गोऱ्या, कपाळाला विभूती, चालणं डौलात. मी मागून हाक मारावी, "गौराक्का, जेवलात का?" आणि त्यांनी वळूनही बघू नये. त्यांच्याशी काही बोलायला गेलं की अण्णा मध्येच तोंड घालून उत्तर देणार. मी मनात म्हणायचे, बाई गर्वाची आणि नवरा आगाऊ. दोन वर्षं मी त्यांच्याकडून नागपंचमीच्या लाह्यासुद्धा घेतल्या नाहीत. रुसणं मलाही चांगलं जमतं.

तर गेल्या वर्षी त्या विहिरीच्या मालिकेतले आबा वारले. आबा म्हणजे नायिकेचे सासरे. पांढऱ्या मिशा, डोक्याला पटका, पायरीवर बसून भाकरी खाणारे. त्यांच्या फोटोला हार पडला, बायका रडल्या, आणि गौराक्कांनी टीव्हीकडे पाठ फिरवली. रात्रीचं जेवण सोडलं. चार दिवस, आठ दिवस. अण्णांच्या पिठात खडे लागायला लागले तेव्हा गल्लीला कळलं की घरात काहीतरी बिनसलंय.

एका सकाळी अण्णा माझ्या दारात उभे. हातात वही.

"बाई, आबाच्या घरी भेटायला जायचंय. तुमी चला."

"कुणाच्या घरी?"

"मालिकेतल्या आबाच्या. साताऱ्याकडं हाय ते गाव, मी काढलंय. ह्या आठवड्यात तिथलं शूटिंग संपायलंय. मंग ती माणसं कुठं जातील काय म्हाईत. हे व्हायलाच पायजे, बाई. गौरा जेवंना झालीय."

"आणि मी कामून?" चिडले की माझीही भाषा सुटते.

"आमचं बोलणं त्या लोकांस्नी कळत न्हाई. तुमी पुस्तकातलं बोलताव."

मालिकेतल्या मेलेल्या म्हाताऱ्याच्या दारावर जायचं, हे ऐकून मला इतकं हसू आलं की मी हो म्हणून बसले. मी मालिका बघत नाही, पण तमाशा सोडत नाही.

शनिवारी पहाटे गल्लीतल्या महबूबच्या जीपमधून निघालो. गौराक्कांच्या मांडीवर एक बोचकं, लाल चौकड्याच्या फडक्यात बांधलेलं. कडक भाकरी, झुणका, शेंगाचटणी.

"हे कशाला?" मी अण्णांना विचारलं.

"मयताच्या घरी चूल पेटत न्हाई. जेवण न्यावं लागतंय."

"पण तुमच्या लिंगायतांत तर सुतक पाळत नाहीत ना?"

"आमच्यात न्हाई हो. बसवण्णांनी सोडवलंय आमाला. त्यांच्यात आसंल की! ती बिचारी उपाशी बसली आसतील."

अक्कलकोट गेलं, सोलापूर गेलं. महबूब दोनदा चुकला आणि दोन्ही वेळा अण्णांनी वहीत बघून वाट सांगितली. "अण्णा, तुम कब आए थे इधर?" महबूबनं विचारलं. "टीव्हीत," अण्णा म्हणाले. गौराक्का खिडकीतून बघत होत्या आणि बोचक्याची गाठ पुन्हा पुन्हा तपासत होत्या.

गाव बरोबर निघालं! तेच घर, तीच कौलं. फाटकावर रखवालदार. मी घसा साफ करून पुस्तकातलं सुरू केलं, "नमस्कार, आम्ही कर्नाटकातून आलो आहोत, कृपया आपण आम्हाला..."

"शूटिंग चालूय. आत सोडत नाही," तो म्हणाला. पुस्तक मिटलं.

मग अण्णा पुढे झाले. टोपी काढली. "आमी भेटायला आलाव. आबा गेले ना."

रखवालदाराचा चेहरा पांढरा पडला. "आबा? कधी? आता तर चहा पाठवला मी!"

आणि तो आत पळाला. मग आत एकच गोंधळ उडाला. कुणी डॉक्टरला फोन लावत होतं, कुणी "पाणी, पाणी!" ओरडत होतं. आणि त्या सगळ्या गर्दीतून बनियन, खांद्यावर टॉवेल, अर्धी मिशी लावलेले, हातात चहाचा कप धरलेले खुद्द आबा बाहेर आले आणि घाबऱ्या आवाजात म्हणाले, "कोण गेलं?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. गौराक्का मात्र गुडघे विसरून पुढे गेल्या. त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. डोळ्यांत डोळे घालून बघितलं. मग दोन्ही हात त्यांच्या तोंडावरून उतरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि इतक्या मोठ्यानं ओरडल्या की आवाज टिपणाऱ्या पोरीनं कानावरचं काढून टाकलं.

"जित्ते हाव की ओ तुमी!"

आबा भले माणूस. हसले. "हो हो, जिवंत आहे. मालिकेत नुसतं लपवून ठेवलंय मला. कुठून आलात?"

"झुणका हाय. खावा," बोचकं त्यांच्या हातात देत गौराक्का म्हणाल्या.

"नाही, म्हटलं गाव कुठलं?"

"भाकरी कडक हाय. आठ दिवस ऱ्हाती."

आबांनी तिसऱ्यांदा विचारलं. गौराक्का त्यांच्या ओठांकडे बघत होत्या, भिजलेल्या डोळ्यांनी, अगदी मन लावून. "आळंद," अण्णा मागून घाईघाईनं म्हणाले. "आमी आळंदचे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिथून निघून विहिरीकडे गेले. दोन वर्षं मी एका बहिऱ्या बाईला मागून हाका मारत होते आणि रुसत होते.

अण्णा माझ्यामागे आले. विहिरीत वाकून बघितलं. गुडघाभर खोल. कठड्यावर बोटानं ठोकलं. आतून लाकूड वाजलं.

"ही बी अ‍ॅक्टिंगच करायली की," ते म्हणाले. "गौराला सांगू नका."

परतीला अक्कलकोटच्या अलीकडे चहाला थांबलो. गौराक्का शेजारच्या बाकावर बसून, आठ दिवसांचं राहिलेलं जेवण भरून काढत असल्यासारखी भजी खात होत्या. मी अण्णांना म्हटलं, "आवाज बंद ठेवून बघता, म्हणून तर हा घोळ. आबा जिवंत आहेत हे तुम्हालाही कळलं नाही."

"मला ठावं होतं की," अण्णा म्हणाले. "गिरणीत धा बायकांनी सांगितलं. दोन दिवसांनी तो झोपडीत लपून बसलेला दावला बी."

"मग गौराक्कांना दाखवायचं ना!"

"दावलं. ती मनली, मेलेल्याला टीव्हीवाले रोजच दावतेत. माझं बी ऐकंना. मी तिचं मन राखायला सांगतोय मनून." त्यांनी बशीत चहा ओतला, प्यायला नाही. "तिचे आप्पा असेच होते बगा. तशाच मिशा. कडगंचीला होते. आळंदपासून कडगंची आसं किती लांब हाय? ते गेले तवा घरी फोन वाजला. गौरा एकटीच होती. तिला वाजलेला कळला न्हाई, आन मी गिरणीत. आमी पोचलाव तवा माती झाली होती. तोंड दिसलं न्हाई तिला."

मी शेजारच्या बाकाकडे बघितलं.

"पंचवीस वर्षं माझ्यासंगं गिरणीत उबी ऱ्हायली, बाई. कान माझ्याच गिरणीनं खाल्ले तिचे. लोकांस्नी कळू देऊ नका मनती, मनून मीच पुढं पुढं करतोय. मनलं, एकाचं तोंड बगायचं ऱ्हायलं. ह्याचं तरी डोळ्यानं बगू दे."

त्यानंतर मी गौराक्कांच्या समोर जाऊन उभी राहते आणि मगच बोलते. त्या कधी कधी भलतंच उत्तर देतात. ते मी ऐकून घेते. नागपंचमीला लाह्याही घेतल्या, दोन वाट्या जास्त.

महिन्याभरानं त्यांचा डबा परत करायला गेले. दोघं बाजेवर बसून टीव्ही बघत होते. टीव्ही अर्थातच मुका. गौराक्का मोठ्या आवाजात गोष्ट सांगत होत्या, कोण काय म्हणालं, कोण का रडलं, सगळं त्यांचं त्यांनीच रचलेलं. अण्णा मान डोलावत होते. मी दारातूनच त्यांना रिमोटकडे खूण केली. त्यांनी मान हलवली. "करंट लई लागतोय, बाई."

पडद्यावर झोपडी होती आणि झोपडीत आबा. पुढ्यात लाल चौकड्याचं फडकं. त्यांनी त्यातून भाकरी काढली आणि मोडली. साताऱ्याकडे कुणी तशी कडक भाकरी करत नाही.

"बगा," गौराक्कांनी अण्णांचा हात धरला. "माझी भाकरी खायलेत!"

इतक्यात नायिका आली आणि नेमकी आबांच्या पुढ्यात उभी राहिली.

"ए बाई," अण्णा बाजेवरून अर्धे उठून ओरडले, "सरक की बाजूला! माणूस जेवायलाय!"