दामिनीच्या चहाची नोंदवही

मूल हे मुळात बसण्यासाठी जन्माला येतं, याबद्दल शाळा, आईबाप आणि शेजारी या तिन्ही घटकांत कधीच दुमत नव्हतं. बसलेलं मूल हुशार, बसलेलं मूल संस्कारी, आणि बसल्याबसल्या झोपलेलं मूल सर्वोत्तम. आमची दामिनी (वय नऊ, इयत्ता चौथी, मुक्काम अमरावती) या व्याख्येत कुठेच बसत नव्हती.

शाळेने तिची रीतसर मोजदाद केली होती. पस्तीस मिनिटांच्या तासात ती सरासरी चौदा वेळा उठते, नऊ वेळा खिडकीपाशी जाते आणि सहा वेळा दुसऱ्यांच्या डब्यात काय आहे ते जाहीर करते (अंदाज बहुधा बरोबर निघतो). मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून अतिशय प्रेमळ शब्दांत दिवाळीपर्यंतची मुदत दिली. "पोरगी गुणाची हाये हो गजेंद्रभाऊ," त्या म्हणाल्या, "पण एका जाग्यावर बसतच नाई. दिवाळीपर्यंत बसली नाई, तं दाखला घेऊन जा. आमी नाई म्हणत नाई." दाखला द्यायला शाळा नाही म्हणत नाही, हा शाळेचा मोठेपणा. दामिनीला ती शाळा जिवापाड आवडायची, एवढीच काय ती अडचण होती.

अशा वेळी डॉक्टरकडे जायचं असतं. आम्ही अकोल्याला गेलो. अमरावतीत डॉक्टर नाहीत असं नाही, पण अमरावतीत आम्हाला ओळखणारे लोकही आहेत, आणि दवाखान्याच्या पाटीवर 'मन' हा शब्द होता. बाहेरच्या बाकावर आमच्याच कॉलनीतली दोन कुटुंबं भेटली. तिन्ही कुटुंबांनी एकमेकांना 'इकडे लग्नाला आलो होतो' असं सांगितलं. लग्नाची तिथी त्या महिन्यात एकही नव्हती. (अकोल्याचे लोक याच कामासाठी अमरावतीला येतात असं कळतं. एसटीचं त्यामुळे बरं चाललं आहे.)

डॉ. शाहनवाज यांनी दोन खेपांत दामिनीला नीट तपासलं. "पोरगी खोडकर नाई, जिद्दी नाई, अन् तुमचं काई चुकलं असंबी नाई," ते म्हणाले. "तिचं ध्यान एका जागी टिकत नाई. एडीएचडी म्हनतात त्याले. इलाज हाये." औषधाचं, गरज पडली तर, पुढे पाहू; आधी आईबापांनी दहा शनिवार येऊन पोरीशी कसं वागायचं ते शिकायचं, आणि रोज वीस मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून पोरीसमोर बसायचं, असा तो इलाज होता.

प्रणालीने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं, "अन् याच्या बदल्यात काई गोळी?"

"आईबापासाठी अजून नाई निंगाली," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर यायच्या आत प्रणालीच्या मोबाइलवर उपाय सापडला. कुठल्याशा परदेशातली एक आई हसतहसत सांगत होती की, रोज थोडी कोरी कॉफी दिल्यापासून तिचं लेकरू शांत झालं. आम्ही तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "नका देऊ," ते म्हणाले. "लेकराची झोप उडते, अन् फायद्याचं काई पक्कं नाई." पक्कं नाही म्हणजे कच्चं तरी आहे, असा अर्थ आम्ही काढला. सरकारी पत्रव्यवहारात तो असाच काढतात.

कॉफी आमच्याकडे फक्त नवीन जावयाला करतात, म्हणून चहा ठरला. बिनदुधाचा ठरला, कारण व्हिडिओतली कॉफी कोरी होती आणि शास्त्रात तडजोड नको. माझी आई गंगूबाई हिने मात्र तीव्र हरकत नोंदवली. "पोरीच्या जातीले चहा? काळी ठिक्कर पडन ते! मंग कोन करन तिले?" चहाने पोरींचा रंग जातो हे आमच्याकडे प्रयोगाशिवाय सिद्ध झालेलं आहे. (आई स्वतः दिवसाला सात कप पिते. तिचं लग्न झालेलं आहे.) हरकत दप्तरी दाखल करण्यात आली आणि चहा करण्याचं काम, स्वयंपाकघर तिच्याच ताब्यात असल्याने, तिच्याकडेच देण्यात आलं.

मी कचेरीत आवक-जावक पाहतो. नोंद नाही ते घडलंच नाही, हे माझ्या अंगात मुरलेलं आहे. त्यामुळे मी दोनशे पानी वही आणून रकाने आखले आणि नियम केले. चहा अर्धा कप, मी घरी आल्यावर सहाला. तो बसूनच प्यावा. निरीक्षकाने (म्हणजे मी) पूर्ण वीस मिनिटं समोर बसून ती किती वेळा उठली ते मोजावं. निरीक्षकाचा मोबाइल त्या वेळात आतल्या खोलीत राहील. हा शेवटचा नियम नंतर घालावा लागला, कारण पहिल्या दिवशी मी 'उठली' या रकान्यात क्रिकेटचा स्कोअर लिहिला होता.

दुसरा दिवस: सतरा वेळा. शेरा: चहा लागू पडलेला नाही. चौथा दिवस: तेरा वेळा, पण बोलणं अखंड. शेरा: बोलण्याची तरतूद नियमात नाही, मनाईही नाही. सहाव्या दिवशी कप सांडला. नवव्या दिवशी ती सात वेळा उठली, आणि सातव्यांदा परत आल्यावर माझ्या तोंडून सहज निघालं, "मंग पुढं काय झालं?"

ती थांबली. माझ्याकडे टक लावून म्हणाली, "बाबा, तुमी ऐकून राहिले?"

ही नोंद कोणत्या रकान्यात घ्यावी ते मला कळेना. मला लाज वाटली. चांगली, कानशिलं गरम होईपर्यंत वाटली. रकाना नसल्याने लिहिली नाही.

तिसऱ्या आठवड्यात आकडा चारवर आला. उठायची, पण परत येऊन अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायची. शाळेतही उठायची, पण परत जागेवर जायची, आणि एके दिवशी फळ्यावरचं सगळंच्या सगळं वहीत उतरवून आणलं. त्या दिवशी प्रणाली ती वही पदराने पुसून दोनदा रडली. दिवाळी आली, गेली. दाखल्याचं कोणी नाव काढलं नाही.

यशाला प्रसिद्धी मिळायला कॉलनीत वेळ लागत नाही. मी चार पानी अहवाल लिहिला, त्याच्या छायाप्रती निघाल्या, बत्तीस पालकांचा मोबाइलवर गट झाला. पत्ती बारीक की दाणेदार यावर गटात दोन तट पडले. शेवटी शेजारच्या मैनाबाई नातीसाठी पत्तीचं नाव विचारायला थेट आमच्या घरीच आल्या, आणि तिथे सत्य बाहेर पडलं.

"कायची पत्ती?" आई म्हणाली. "म्या एक दिवस पत्ती नाई देल्ली पोरीले. धने भाजून, गूळ टाकून, उकळून देत होती. काळी कराची हाये का तिले?"

मी वही उघडून बसलो आणि हिशेब मांडला. प्रयोगातून चहा वजा जाता शिल्लक: धने, गूळ, एक कप आणि मी. डॉक्टरांना फोन केला. ते बराच वेळ हसले, मग म्हणाले, "तुमी समोर बसले, ते चालू ठेवा. अन् दहा शनिवारबी या, तेवढ्यानं भागत नाई." आता आम्ही जातो. दामिनी अजूनही उठते. उठणारच, ती दामिनी आहे.

सरकारी माणूस असलो तरी मी प्रामाणिक आहे. बत्तीसही पालकांना लेखी शुद्धिपत्रक पाठवलं: 'अहवालात जिथे जिथे चहा हा शब्द आला आहे, तिथे तिथे समोर बसणे असे वाचावे.' उत्तरं तत्परतेने आली. एकोणतीस जणांनी धन्यांचं प्रमाण विचारलं. दोघांनी गूळ कोल्हापुरी चालेल का ते विचारलं. एकाने समोर बसायला माणूस लावला तर चालेल का, अशी पृच्छा केली. मुख्याध्यापिकाबाईंचाही फोन आला. "माह्या वर्गात साठ लेकरं हायेत भाऊ, मी कोनाकोनासमोर बसू? शाळेच्या टाकीत टाकता येईन असं काई असन तं सांगा." त्यांचं मी चूक म्हणणार नाही.

वीस मिनिटं रोज दामिनी मला काय सांगत होती, हे मात्र बत्तिसांपैकी एकानेही विचारलं नाही. आपण तर पहिल्या ओळीपासून इथवर सोबत आहात. आपणही नाही विचारलंत. आपल्या मनात कोणता प्रश्न आहे तो मला ठाऊक आहे.

दोन चमचे. मंद आचेवर भाजावेत.