ह्याचं घर कुठलं?

राऊतकाकांच्या घरी चपलांनाही पत्ता असतो. डावा कप्पा घरच्यांचा, उजवा बाहेरच्यांचा. इतकी वर्षं शेजारी राहून मी बापडी अजून उजव्यातच!

मीरा रोडला आमच्या बिल्डिंगमध्ये काका 'लिनक्सवाले' म्हणून प्रसिद्ध. लिनक्स ही खरं तर कॉम्प्युटरची सिस्टिम, पण काकांनी ती घरभर लावली. "बाहेरून आणलेलं सॉफ्टवेअर 'ऑप्ट' नावाच्या कप्प्यात टाकायचं. प्रत्येकाला वेगळा फोल्डर. नको झालं की फोल्डर उचलून फेकायचा, मागे कचरा नाही!" हे सांगता सांगता ते ओट्यावरची किसणी उचलत. "ह्याचं घर कुठलं?"

"तुमच्या डोक्यावर," काकू म्हणत.

एकदा काका बाजारात गेलेले असताना काकूंनी पत्त्यांचा गेम स्वतःच इन्स्टॉल केला. विचारेल त्याला 'हो' म्हणत गेल्या आणि फायली पसरल्या कॉम्प्युटरभर. काकांनी कपाळाला हात लावला. "अगं, हा आता काढायचा कसा?"

"काढायचाय कशाला?" म्हणत काकू खेळायला बसल्या. मग रोज दुपारी भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "अग्गोबाई, राणी अडकली परत!" मी इकडे भाजी निवडताना एकटीच हसायचे.

काकू जाऊन आता वर्ष झालं. परवा कॉम्प्युटर भरून बंद पडायला लागला, म्हणून काकांनी मला बोलावलं. हल्ली त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. त्यांचे लाडके फोल्डर त्यांनी एकेक करून उडवायला लावले. तरी जागा पुरेना.

"काका, सगळं पुसून लिनक्स नव्यानं टाकूया? काकूंचा तो पसाराही जाईल. तुमच्या पद्धतीनं, एकदम स्वच्छ."

"नको."

"अहो, पण तुम्हीच तर..."

"सुनीता, तिचं कपाट एका दुपारीत रिकामं झालं गं. साड्या, औषधं, चष्मा, सगळं जागच्या जागी होतं ना! उचललं, दिलं. मागे काही राहिलंच नाही." ते स्क्रीनकडे बघत राहिले. "हे एवढंच पसरवून गेली. राहू दे."

मी त्यांचे उरलेसुरले फोल्डरही काढले आणि गेम तेवढा राहू दिला. निघताना चपला शोधल्या, तर त्या डाव्या कप्प्यात होत्या.

काल दुपारी भाजी निवडत होते. भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला, "अग्गोबाई, राणी अडकली परत!"