दावणीचा मदरबोर्ड

आमच्या गल्लीतले रंगाबापू कुठलीही वस्तू म्हैस पारखावी तशी पारखून घेतात. मिक्सर घेताना त्यांनी "खातो किती?" विचारलं होतं, आणि जावई निवडताना फक्त दात बघायचे राहिले होते. त्यामुळे ते शाहूपुरीत मदरबोर्ड घ्यायला निघाले तेव्हा मी टाळाटाळ करून पाहिली. पण मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला. गल्लीत तेवढ्यावर माणूस तज्ज्ञ ठरतो.

प्रकरण असं होतं. महिन्यापूर्वी बापूंची बायको, शालनकाकू, गोठ्यात घसरून पडल्या. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि घरी आल्यावर काकूंनी भिंतीकडे तोंड करून बोलणंच सोडलं. इकडे त्यांची मैना म्हैस काकूंचा आवाज ऐकल्याशिवाय पान्हा सोडेना. बापू काकूंचं लुगडं नेसूनही धारेला बसले. मैनेनं बादली लाथाडली.

"दूध न्हाय म्हंजे धंदा न्हाय," एवढंच बापू सांगत. काकूंच्या अबोल्याबद्दल चकार शब्द नाही.

"फोन लावून ठेवा की बापू," मी म्हटलं.

"मोबाईल खिशातलं जनावर. दावणीला बांधता येत न्हाय."

काकूंच्या उशाशी वीतभर कोनाडा आहे. काकूंना गोठा दिसावा आणि त्यांचा आवाज मैनेला ऐकू जावा, म्हणून त्यात मावेल असा कॉम्प्युटर हवा होता. दुकानदार मुनीरभाईंनी सगळ्यात छोटा बोर्ड काढला. पावणेसात इंच लांब, तेवढाच रुंद. बापूंनी तो उलटासुलटा केला, कडेनं बोट फिरवलं.

"अंगानं बारीक हाय. खातो किती?"

"दहा वॅट. बल्बाएवढं."

"तापट हाय का?"

"अजिबात न्हाय. पंखासुद्धा लागत न्हाय. प्रोसेसर ह्याच्यावरच पक्का बसवलाय, बदलता मातर येणार न्हाय."

"जन्माचा जोडा. बेस हाय. आन् ह्या दोन खाचा?"

"रॅमच्या. एक भरली तरी चालतंय."

"म्हंजे कासेचा एक सड बाद?" बापूंचा चेहरा पडला. "दोनी भरा."

गुलाबी भोक माइकचं, हिरवं स्पीकरचं, हे त्यांनी तीनदा विचारून घेतलं. शेवटी म्हणाले, "कितवं वेत?"

मुनीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "नवा आहे का विचारतायत," मी म्हटलं.

"पावणं, सीलबंद हाय!"

चाळीस फूट वायर ओढून गोठ्यात कॅमेरा, माइक आणि स्पीकर बसवला, काकूंच्या उशाशी पडदा आणि दुसरा माइक. संध्याकाळी पाचला मी बटण दाबलं. पडद्यावर मैना आली, बादली घेऊन बापू आले. काकू भिंतीकडेच बघत होत्या.

"आगं, बघ तरी," स्पीकरमधून बापू म्हणाले. मग ते तसेच खाली बसले आणि त्यांनी कासेला हात घातला. काकूंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं असावं.

"अवं! कास धुतल्याबिगर हात लावताय व्हय?"

महिन्याभराचा साठलेला आवाज होता तो. मैनेनं कान टवकारले आणि पान्हा सोडला. काकू पुढं वीस मिनिटं बोलत होत्या. चाळीस वर्षं धारा काढणारा माणूस कास धुवायला विसरतो, यावर माझा विश्वास नाही. मी उगाच वायर तपासत बसलो.

त्यानंतर बापू रोज काहीतरी चुकवू लागले. कधी वैरण लांब टाकायची, कधी दावं ढिलं ठेवायचं. काकू रोज उद्धार करायच्या.

आता मैना आटली आहे, दूध बंद आहे. तरी पाच वाजले की बापू गोठ्यात जाऊन बसतात. परवा मी विचारलं, "बापू, आता कशाला? काढून ठेवू का सगळं?"

ते मैनेची पाठ खाजवू लागले.

"समोर गेलो की ती अजून गप हुतीया," ते हळू आवाजात म्हणाले. "तिला वाटतंय, माझ्यावर तिचा भार झालाय. हितनं मातर बोलतीया."

तेवढ्यात स्पीकर खरखरला. "अवं, गारठा पडलाय. मफलर कुठाय तुमचा?"

"इसारलो की गं," बापू म्हणाले. मफलर त्यांच्या मांडीखाली होता.