चाळीस पिशव्या ब्लूबेरींचा अपघात

गुरुवारी सकाळी विनी मॅकइनिस धुण्याची टोपली घेऊन तळघरात उतरली आणि शेवटच्या पायरीखाली पाय टेकताच तिचा मोजा ओला झाला. खाली पाहिलं तर फरशीवर जांभळं पाणी. पाण्याचा माग काढत ती कोपऱ्यातल्या डीप फ्रीझरपाशी गेली, झाकण उघडलं आणि आतला आंबूस वास नाकात शिरताच धाडकन बंद केलं. आत चाळीस पिशव्या ब्लूबेरी होत्या. अख्खा ऑगस्ट डास मारत, कंबरेत वाकून, टेकडीवरच्या झुडपांतून एकेक करून वेचलेल्या. त्यांचा लगदा झाला होता आणि तो फसफसत होता.

आणि परवा, म्हणजे शनिवारी, गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये शरदातलं गावजेवण. नोव्हा स्कोशियाच्या त्या किनाऱ्यावर दोनशे माणसं वर्षभर त्या एका जेवणाची वाट पाहतात आणि त्यांतली निम्मी तरी विनीच्या ग्रंटसाठी येतात. उकळत्या ब्लूबेरीत पिठाचे मऊ गोळे सोडायचे, झाकण ठेवायचं, की झालं ग्रंट. पण तीस वर्षं ते विनीनंच करायचं, असा रिवाज होता. त्याच तीस वर्षांत थेल्मा बूटिलियर दरवेळी सफरचंदाचा केक आणायची. लोक भिडेखातर एकेक तुकडा घ्यायचे, आणि उरलेला केक थेल्मा हसत हसत घरी न्यायची. ते हसणं विनीला आठवलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिच्या हाकेनं नवरा खाली आला. लॉर्नचं वय चौऱ्याहत्तर. एकतीस वर्षं त्यानं सरकारी नोकरीत विमान अपघातांची चौकशी केली होती. दुसरा कुठलाही नवरा म्हणाला असता, अरेरे, केवढं नुकसान झालं गं. लॉर्ननं चष्मा पुसला, भिंतीपाशी पडलेल्या प्लगकडे पाहिलं आणि म्हणाला, "कशालाही हात लावू नकोस."

"मला फरशी पुसायचीय."

"पुसशील. आधी थारोळं मोजू दे."

त्यानं खरोखर टेप आणून थारोळं मोजलं. प्लगचे चार बाजूंनी फोटो काढले. वायर नीट गुंडाळून ठेवली होती, म्हणजे प्लग आपोआप निघालेला नव्हता, कुणीतरी काढला होता. हे कळायला विनीला सरकारी नोकरी लागली नाही. मागच्या शनिवारी टोरांटोहून टीव्हीवाले आले होते, त्या टोळक्याशिवाय तळघरात कोण उतरणार?

टीव्हीवाले आले होते ते विमान अपघातांच्या कार्यक्रमासाठी. धावपट्टीच्या अलीकडे बटाट्याच्या शेतात उतरलेल्या एका जुन्या प्रवासी विमानाची चौकशी लॉर्ननं केली होती. सगळे प्रवासी वाचले होते. त्यावर त्यांना तासाभराचा माहितीपट करायचा होता, आणि दुपारभरात मुलाखत उरकून निघायचं होतं. पण दिग्दर्शिकेला लॉर्नच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं: चूक वैमानिकाची होती. आणि लॉर्न काही ते म्हणेना. तिनं वाकड्यातिकड्या अकरा तऱ्हांनी विचारलं. तो अकराही वेळा म्हणाला, "आम्ही दोष देत नाही. कारणं शोधतो. आणि कारण कधीच एक नसतं." दोन तासांचं काम साडेपाच तास चाललं. शेवटी विमान चुकेल म्हणून मंडळींनी मिळेल ते हातात घेऊन पळ काढला. जाताना प्रत्येकानं दोन-दोनदा सॉरी म्हटलं, ते वेगळंच. त्या देशात खुर्चीला धक्का लागला तरी माणूस खुर्चीला सॉरी म्हणतो.

म्हणून तर विनीचं पित्त जास्त खवळलं. एवढं सगळं सॉरी इकडेतिकडे उधळायचं, आणि चाळीस पिशव्यांसाठी एकही नाही?

लॉर्ननं तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून साक्ष घेतली. समोर वही, हातात पेन्सिल. बायकोची साक्ष! पन्नास वर्षं एका ताटलीतला टोस्ट खाल्लेल्या बायकोची!

"झाकण याआधी कधी उघडलं होतंस?"

"शनिवारीच. त्या लोकांना सूप करायला हॅडॉक मासे काढले तेव्हा. सगळं दगडासारखं होतं."

"काही वेगळं दिसलं?"

विनीला दिसलं होतं. गावजेवणासाठी हॉलमध्ये भरलेली बैठक आटोपून ती घरी आली, तेव्हा बैठकीच्या खोलीत मुलाखत चालू होती, म्हणून ती चवड्यांवर तळघरात गेली होती. झाकण उघडलं तर ब्लूबेरींच्या पिशवीवर किल्ल्यांचा जुडगा. लॉर्नचाच, दुसरं कोण ठेवणार? आठवड्यापूर्वीच लॉर्नचा चष्मा पावाच्या डब्यात सापडला होता. तिच्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं, आधी चष्मा, मग किल्ल्या, मग मुलांची नावं. तिनं तो गार जुडगा ॲप्रनमध्ये टाकला, दाराजवळच्या किल्ल्यांच्या वाडग्यात नेऊन ठेवला आणि कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाला त्याच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका टीव्हीच्या दिवशी काय सांगायचं?

"नाही," विनी म्हणाली. "काही नाही."

लॉर्ननं तिच्याकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं.

संध्याकाळी त्यानं खोलीचं दार लावून दोन फोन केले. विनी बाहेर वाट पाहत होती. तो बाहेर आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. कोण होता तो गाढव, एवढंच तिनं विचारलं. तर म्हणे, घटनांची साखळी होती. मुलाखत लांबली, फ्रीझर नेमका बैठकीच्या खोलीखाली, त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येत होती, परत जोडायची आठवण राहावी म्हणून केलेली सोय कामी आली नाही.

"साखळी गेली खड्ड्यात. माणसाचं नाव सांग."

"नाव नाही लिहायचं, विनी. दोष दिला की पुढच्या वेळी कुणी खरं सांगत नाही."

"पुढच्या वेळी? माझ्या ब्लूबेरी पुढच्या वेळी नासणार आहेत का?"

दर मंगळवारी टीव्हीवर लागणाऱ्या त्या अपघातांच्या कार्यक्रमात ढगांचा गडगडाट लावला की हाच माणूस सोफ्यावरून ओरडायचा, त्या दिवशी आभाळ निरभ्र होतं, खोटं दाखवू नका! आणि आता स्वतःच्या घरात खरं नाव सांगायला याची जीभ वळत नव्हती. विनीला वाटलं, स्वतःच काढला असेल प्लग आणि विसरला असेल. या विचारानं ती आणखी घाबरली, आणि घाबरली की तिला राग यायचा. रागाच्या भरात तिनं हॉलवर फोन करून थेल्माला ग्रंट होणार नसल्याचं सांगितलं. थेल्मानं हळहळ व्यक्त केली आणि त्याच दमात, सहा केक पुरतील की आठ करू, असं विचारलं. तेव्हा विनी बोलून गेली, "कर आठ. आणि सगळ्यांना सांग, ज्याची चूक निघेल त्याला शनिवारी हॉलमध्ये बसवून मी दोन पोती बटाटे सोलायला लावणार आहे. नाही लावले तर नाव बदलीन."

शुक्रवारी दुपारी लॉर्न बाहेर गेल्यावर तिनं त्याच्या टेबलावरून टीव्हीवाल्यांपैकी आवाज रेकॉर्ड करणाऱ्या पोराचा नंबर शोधला. बोहदान नाव होतं त्याचं. पोरगा सज्जन निघाला, हेच वाईट झालं. विनीनं दोन वाक्यं बोलायच्या आत त्यानं पाच वेळा सॉरी म्हटलं.

"प्लग मीच काढला, मिसेस मॅकइनिस. पण असा कधी विसरत नाही हो मी. आमच्या धंद्यात एक युक्ती आहे. फ्रिज बंद केला की गाडीच्या किल्ल्या त्याच्यातच ठेवायच्या. म्हणजे फ्रिज उघडल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही."

विनीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "किल्ल्या?"

"तुमच्या ब्लूबेरींवर ठेवल्या होत्या. निघताना बघतो तर दाराजवळच्या वाडग्यात! मला वाटलं, तुमच्यापैकी कुणीतरी प्लग लावून किल्ल्या काढून ठेवल्यात. केवढी माणुसकी म्हटलं. मिस्टर मॅकइनिसना मी कालच सांगितलं हे सगळं. त्यांनी नाही सांगितलं तुम्हाला?"

"सॉरी," विनी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

लॉर्न परत आला तेव्हा ती टेबलाशी बसली होती, समोर त्याची वही. शेवटच्या पानावर त्याच्या टापटीप अक्षरात लिहिलं होतं: 'किल्ल्या एका व्यक्तीनं हलवल्या. त्या व्यक्तीला त्या वेळी जेवढं ठाऊक होतं, त्यावरून तिनं योग्य तेच केलं.' व्यक्तीचं नाव नव्हतं.

"तुला कालच कळलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी तुला घालूनपाडून बोलत होते, ते ऐकून घेत बसलास."

लॉर्न खुर्ची ओढून बसला. "मी विचारलं तेव्हा तू काही नाही म्हणालीस. तू खोटं बोलत नाहीस, विनी. म्हणजे किल्ल्या काढल्याचं तुला आठवतच नाही, असं मला वाटलं. रात्रभर डोळा लागला नाही. तुझ्या बाबांचं आठवलं."

विनीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं ॲप्रनला पुसलं.

"अरे मूर्खा, मला वाटलं किल्ल्या तू ठेवल्यास. म्हणून तर लपवलं. तुझा चष्मा पावाच्या डब्यात होता."

"पाव काढताना ठेवला असेल. सत्तरीनंतर एवढं चालायचंच."

"चालायचंच काय! आठवडाभर माझा जीव टांगणीला लागला होता."

"माझा एकच रात्र," लॉर्न म्हणाला. "त्या मानानं तुझी चौकशी फारच संथ."

"आणि ब्लूबेरी?" ती म्हणाली. रडू आलं ते खरं तर आत्ता. चाळीस पिशव्या, अख्खा ऑगस्ट, आणि उद्या थेल्माचे आठ केक. लॉर्ननं तिच्या पाठीवर हात ठेवला. दोष कुणाचाच नाही, असं मात्र त्यानं या वेळी म्हटलं नाही, कारण त्याला बायको कळत होती.

शनिवारी दुपारी तीनला हॉलच्या मागच्या खोलीत विनी एका बादलीपुढे बसली. शेजारी बटाट्यांची दोन पोती. समोर दुसऱ्या बादलीपुढे लॉर्न, बाह्या दुमडून. बोलावलं नव्हतं, तरी साडेपाच तास मुलाखत आपणच लांबवली, म्हणून एक पोतं आपलं, असं म्हणत तो आला होता. दोघं गुपचूप सोलत होते. सालं एकसारखी, पातळ पडत होती.

थेल्मा आठवा केक घेऊन आत आली. तिनं पोती पाहिली, सालं पाहिली, विनीच्या हातातली सुरी पाहिली. तिचं ते तीस वर्षं जुनं हसू हळूहळू पसरलं.

"मग विनी," ती म्हणाली, "सापडला का गं चोर? चूक कोणाची निघाली शेवटी?"

लॉर्ननं मान खाली घातली. विनीनं हातातला बटाटा पुरता सोलला, पाण्यात सोडला आणि दुसरा उचलला.

"थेल्मा," ती म्हणाली, "अशा गोष्टींत एक कारण कधीच नसतं. आम्ही दोष देत नाही."