संरक्षित गळू

पोल्ट्रीमालक संघटनेच्या घटनेत अध्यक्ष कोणाला म्हणावे, हे एका ओळीत सांगितलेले आहे. वार्षिक सभा संपते त्या क्षणी अध्यक्षांच्या खुर्चीत जो बसलेला असेल, तो पुढच्या वर्षाचा अध्यक्ष. त्याआधी निवडणूक होते, मतमोजणी होते, निवडून आलेल्याचे अभिनंदनही होते. पण हे सगळे वरवरचे. बसल्याशिवाय काही खरे नाही. ही ओळ माजी अध्यक्षांनी घटनेत घातली होती, आणि घालताना ते अर्थातच बसलेले होते.

या खुर्चीवर एका सभासदाचा, म्हणजे आपल्या गोष्टीतल्या मालकांचा, फार पूर्वीपासून डोळा होता. यंदा ते एकदाचे निवडून आले. घरी परतले, बायकोला बातमी सांगावी म्हणून ऐटीत सोफ्यावर बसले, आणि जसे बसले तसेच उठले.

"काय झालं?" मालकीणबाईंनी विचारले.

"काही नाही. निवडून आलो."

"मग बसा की निवांत."

"नको. आनंदाची बातमी आहे, उभ्यानेच सांगतो."

बसायच्या जागी, उजव्या अंगाला, गळू आले होते. त्या दिवशी ते वाटाण्याएवढे होते. आठवडाभरात त्याने लिंबाचा आकार धरला, आणि वार्षिक सभा तर महिन्यावर येऊन ठेपलेली. मालकांना घाम फुटला.

नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सगळ्या संपवा म्हणून बजावले. दुसऱ्या दिवशी ठणका कमी झाला, तेव्हा मालकांनी उरलेल्या गोळ्या कपाटातल्या डब्यात जपून ठेवल्या. औषध वाया घालवणारी माणसे त्यांना मुळीच आवडत नसत. ठणका परत आला तेव्हा त्यांनी शेजाऱ्याच्या डब्यातल्या गोळ्या मागून घेतल्या. त्या शेजाऱ्याच्या खोकल्यातून उरलेल्या होत्या. त्यानेही भागेना, तेव्हा ते थेट शेडमध्ये गेले. तिथे कोंबड्यांच्या खाद्यात रोज मिसळायची अँटिबायोटिकची पावडर होती. कोंबड्या आजारी नव्हत्या. आजारी पडू नयेत, वजन लवकर भरावे, आणि पलीकडचा पोल्ट्रीवालाही घालतो, अशा शुद्ध शास्त्रीय कारणांसाठी ती घातली जाई. मालकांनी चमचाभर दुधात ढवळून घेतली. गळवाला ती मानवली. ते आणखी बाळसेदार झाले.

शेवटी मालकीणबाईंनी आपल्या भावाला बोलावून घेतले. मेहुणा गुराढोरांचा डॉक्टर होता आणि बायकोचा धाकटा भाऊही होता. यांतले एक कारणही मालकांना त्याचे न ऐकायला पुरले असते. इथे तर दोन्ही एकत्र आलेली. त्याने गळवातला पू तपासायला पाठवला, कोंबड्यांचे नमुने पाठवले, आणि शेडच्या छपरावरची कावळ्यांची शीटही खरवडून पाठवली. अहवाल आला तेव्हा तो मालकांसमोर डोके धरून बसला. मालक अर्थातच उभे होते.

"भावोजी, तिन्हीकडे एकच जंतू आहे, आणि त्याला कुठलंच औषध लागू पडत नाही. रोज थोडं थोडं औषध चारून तुम्हीच त्याला सरावलेला करून ठेवलाय. सांडलेलं खाद्य कावळे खातात, कोंबड्यांच्या घाणीत चोची घालतात, म्हणून तो त्यांच्यात गेला. ती पावडर आधी बंद करा. आणि गळवाचं म्हणाल, तर सर्जनकडे चला. छोटासा चिरा द्यायचा, पू काढायचा, वरून शेक. तेवढ्याने मोकळे व्हाल."

एवढ्या सगळ्यातून मालकांनी आपल्या कामाचे तेवढे उचलले. "म्हणजे कावळ्यांमध्येपण आहे म्हणतोस?"

"आहे. तुमच्यामुळे."

"आहे ना? मग झालं तर," मालक म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी तेज आले होते. तोंड काळे असलेला, रोज शेडभोवती घिरट्या घालणारा, आणि मत देण्याचा अधिकार नसलेला आरोपी त्यांना आयता सापडला होता.

वनखात्याकडे कावळ्यांविरुद्ध तक्रार गेली, आणि निरीक्षक चक्क आले. ते मन लावून काम करणारे गृहस्थ होते. त्यामुळेच त्यांच्याकडचे कोणतेही काम साधे राहत नसे. त्यांनी कोंबड्यांकडे पाहिले नाही, पावडरीच्या पोत्यांना वळसा घातला, आणि छपरावरच्या कावळ्यांकडे बराच वेळ रोखून बघितले.

"कावळ्यांना आपलं म्हणणं मांडायची संधी दिली होती का?" त्यांनी विचारले.

"ते येतात रोज. बोलत काही नाहीत. म्हणजे बोलतात, पण..." मालक अडखळले.

"समाधानकारक खुलासा नाही," निरीक्षक म्हणाले. "मग आरोप मान्य धरावा लागेल."

मेहुण्याला राहवले नाही. "साहेब, उलटं आहे हे. जंतू इथून कावळ्यांना गेलाय."

"तसा जाऊ शकत नाही," निरीक्षक शांतपणे म्हणाले. "जंगलाकडून पोल्ट्रीकडे येणारा जंतू आमच्या अखत्यारीत येतो. पोल्ट्रीकडून जंगलाकडे जाणारा कोणाच्याच अखत्यारीत येत नाही. जो कोणाच्या अखत्यारीत नाही, तो जाईल कसा?"



अशा रीतीने वन्यजीव जंतुमुक्ती योजनेचा जन्म झाला. जंतू कावळ्यांत आहे, तर औषध कावळ्यांनाच दिले पाहिजे, हे ओघानेच आले. औषध म्हणून मालकांची पावडर मुक्रर झाली, कारण ती जागेवर उपलब्ध होती. कुंपणाबाहेर घमेली मांडली गेली आणि त्यांत दाण्याबरोबर पावडर कालवली गेली. पहिल्या दिवशी कावळे आले. त्यांचे ऐकून पारवे आले. मग उंदीर, उंदरांमागे कोल्हा, आणि एका संध्याकाळी रानडुकरांचे अख्खे कुटुंब, पिल्लांसकट. निरीक्षकांचा आनंद गगनात मावेना. लाभार्थी वाढत होते, आणि खात्यात योजनेचे यश त्यावरूनच मोजतात. इतर पोल्ट्रीमालकांनीही भराभर घमेली मांडली. मागे राहायला कोणालाच आवडत नाही.

पावडरीचा गुण मात्र यायचा तो आलाच. पारवे बदकांएवढे झाले. कोल्ह्याला पळवेना, तो येऊन घमेल्याशेजारीच पसरू लागला. एक कावळा तर इतका फुगला की त्याला उडणेच जमेना. तो पंख पाठीशी बांधून, पोट पुढे काढून, शेडमधून चालत फेरी मारी आणि कोंबड्या त्याला वाट करून देत. त्याची चाल पाहून मालकीणबाईंनी त्याचे नाव रावसाहेब ठेवले. कोंबड्या न्यायला आलेल्या हमालांनी त्याला एकदा पिंजऱ्यात भरलेही होते. वजन जास्त भरले म्हणून तेवढे लक्षात आले.

सभा चार दिवसांवर आली, आणि मालकांचा धीर सुटला. त्यांनी जेवण उभ्याने केले, हिशेब उभ्याने केले, गाडीतून मागच्या सीटवर पालथे पडून प्रवास केला. पण उभ्याने अध्यक्ष होण्याची सोय घटनेत नव्हती. ते मेहुण्यासमोर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी नीट बोलले.

"चल बाबा. कुठल्या सर्जनकडे न्यायचं तिकडे ने. चिरा दे, पू काढ, काय वाटेल ते कर. मला फक्त बसायचंय."

"आणि पावडर?"

"बंद. तुझ्या बहिणीची शपथ."

"तुमची शपथ घ्या," आतून मालकीणबाई म्हणाल्या.

मेहुण्याला भरून आले. त्याने गाडी काढली, मालक तिच्यात पालथे पडले, आणि तेवढ्यात फाटकात निरीक्षक उभे ठाकले. त्यांच्या चेहऱ्यावर योजना यशस्वी झाल्याचे समाधान ओसंडत होते.

"नवे नमुने आले," ते म्हणाले. "तो जंतू आता कावळ्यांत आहे, कोल्ह्यात आहे, डुकरांत आहे, पार पलीकडच्या तळ्यातल्या बेडकांत आहे. मला सांगा, जो जंगलात सर्वदूर आढळतो, स्वतःच्या हिमतीवर जगतो आणि कोणाच्याही मालकीचा नाही, त्याला काय म्हणायचं?"

"जंतू," मेहुणा म्हणाला.

"वन्यजीव," निरीक्षक म्हणाले. "त्याला आजपासून संरक्षण लागू झालं आहे. त्याला मारणं, हुसकावणं किंवा त्याच्या अधिवासाला धक्का लावणं हा गुन्हा आहे." मग त्यांनी गाडीच्या खिडकीतून आत पाहिले आणि आदराने आवाज खाली आणला. "आणि आमच्या माहितीप्रमाणे त्याचा सर्वांत जुना अधिवास यांच्याकडे आहे."

मालकांनी पालथ्यानेच मान वर केली. "माझं गळू?"

"चिरा देऊ नये. पिळू नये. शेकू नये. आणि विशेषतः त्यावर बसू नये."

"अहो, पण माझ्या अंगावर आहे ते."

"जमीन तुमची, जंगल आमचं," निरीक्षक म्हणाले. "हा फार जुना नियम आहे."

गाडी परत आत गेली. त्या दिवशी मालक खरोखर रडले, आणि पालथे पडून रडताना माणूस किती केविलवाणा दिसतो हे पाहून मालकीणबाईंनाही रडू आले.

सभेला सभागृह गच्च भरले होते. खुर्चीत माजी अध्यक्ष बसले होते. नवे येऊन बसेपर्यंत जागा उबदार ठेवतो, असे ते म्हणाले. मालक खुर्चीमागे उभे होते. निरीक्षक पहिल्या रांगेत होते. मालकीणबाईंच्या मागोमाग रावसाहेबही चालत आले होते. त्यांना अडवण्याचे कोणाला सुचले नाही, कारण त्यांचा रुबाबच तसा होता.

'निसर्ग आणि आपण' या विषयावर भाषण सुरू झाले. थोड्या वेळाने मागच्या रांगेतले एक सभासद चुळबुळले आणि उभे राहिले. मग त्यांच्या शेजारचे. मग कडेची अख्खी रांग. कोणी कोणाकडे बघत नव्हते आणि प्रत्येकाचा एक हात मागे होता. वक्त्याला वाटले, आपला सन्मान होतोय. त्याने गहिवरून भाषण लांबवले. शेवटी निरीक्षकही उभे राहिले, हळूच, ओठ दाबून. वन्यजीवांचा अधिवास विस्तारला होता.

बसलेले असे आता एकटे माजी अध्यक्ष उरले. त्यांचे कपाळ घामाने निथळत होते, खुर्चीचे हात त्यांनी घट्ट धरले होते, आणि आभारप्रदर्शन काही संपत नव्हते. मंडपवाल्याचे आभार झाले, माइकवाल्याचे झाले, पाणी भरणाऱ्या बाईंचे सुरू झाले, आणि माजी अध्यक्ष विंचू चावल्यासारखे उठले.

खुर्ची रिकामी झाली. इतकी वर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच, हे मालकांना कळले. त्यांनी निरीक्षकांकडे पाहिले. निरीक्षकांनी नकारार्थी मान हलवली, पण तिच्यात आता पूर्वीचा जोर नव्हता. मालकांनी गुन्हा पत्करायचे ठरवले. खुर्चीसमोर आले, डोळे मिटले, गुडघे वाकवले, आणि खुर्चीच्या हातभर वर येऊन ते थांबले. पुढे काही जाववेना.

"बसा हो," मेहुणा कळवळून म्हणाला. "एकदा बसा, भावोजी."

"बसतो," मालक म्हणाले. "बसतोच आहे."

ते तसेच अधांतरी असताना रावसाहेब व्यासपीठाची पायरी चढले, पाय ठेवायच्या स्टुलावर चढले, तिथून त्यांच्या खालून खुर्चीत चढले आणि पोट सावरून ऐसपैस बसले. पाणी भरणाऱ्या बाईंचे आभार संपले. सभा संपल्याचे जाहीर झाले.

घटना म्हणजे घटना. रावसाहेब आता संघटनेचे अध्यक्ष आहेत. पावडर चालू ठेवायची का, असा प्रश्न त्यांच्यापुढे आला तेव्हा ते एकदा ओरडले, आणि ती संमती समजून इतिवृत्तात घेतली गेली. मालकांचे गळू उत्तम आहे. निरीक्षक दर महिन्याला येऊन पाहणी करतात आणि दोघे उभ्यानेच चहा घेतात.

तुम्ही हसलात, हे बरे केलेत. बसून हसलात, हे त्याहून बरे. ते सुख अजून तुमच्याकडे आहे. फक्त तुमच्या कपाटातला तो डबा, ज्यात मागच्या वेळी ताप उतरल्यावर उरलेल्या गोळ्या तुम्ही जपून ठेवल्या आहेत, तो आता शेजारी मागायला येतील. द्या त्यांना. रावसाहेबांची हरकत नाही.