पहिला नंबर रश्श्यात

वाइनच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही. बोनजवळच्या आमच्या गावात मूल नीट बोलायच्या आधी टेकडी ओळखायला शिकतं. खाली रस्त्याला लागून, चिकट मातीत पिकते ती साधी गावची वाइन. तिच्या वरची प्रीमिए क्रू; क्रू म्हणजे मळ्याचा दर्जा. आणि टेकडीच्या ऐन कमरेला, जिथं पाणी साचत नाही आणि सकाळचं ऊन पहिल्यांदा येतं, तिथली ग्राँ क्रू. मान जमिनीचा असतो. मळा माझा असो की माझ्या दुष्मनाचा, त्या दगडी भिंतीच्या आतल्या वेलीला ग्राँ क्रूच म्हणायचं. आता प्रीमिए म्हणजे पहिला, पण तो नुसता नावाचा पहिला, मानाचा दुसराच. इतकं सोपं आहे!

त्या भिंतीच्या आत आमच्या मालकीच्या जेमतेम काही ओळी आहेत. वर्षाला एक पिंप निघतं, आणि त्या पिंपाच्या जिवावर मी गावात मान ताठ ठेवून चालते.

अशा घरातल्या मुलीनं, आमच्या क्लेमांसनं, नवरा शोधला तो बोर्दोकडचा! बास्तियां मुलगा गुणी होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण बोर्दोची एक बाटली कधी माझ्या उंबऱ्याच्या आत आलेली नव्हती, आणि आता तिकडची विहीण येणार होती.

"आई, त्या जरा मानी आहेत," क्लेमांसनं बजावलं. "त्यांचं मन दुखावलं तर बास्तियां त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही. लग्न अडेल. एक दिवस तोंड सांभाळ."

"मी काय कुणाला चावते?"

रविवारी सकाळी बास्तियांला घेऊन त्याची आई, ओर्तांसबाई आल्या. काठीसारख्या ताठ, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्याला रंग म्हणून कशाचा नाही. कागदात गुंडाळलेली बाटली त्यांनी तान्हं मूल द्यावं तशी माझ्या हातात दिली.

"प्रीमिए क्रू आहे," त्या हळूच म्हणाल्या.

माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. माझी एकुलती एक मुलगी मागायला येता आणि दुसऱ्या नंबरची वाइन आणता? वर ते असं ऐकवता, जसं काही मुकुटच आणलाय?

"वा, छान," मी म्हणाले. तोंड सांभाळलं मी.

माझा नवरा फेर्नां पाहुण्यांना मळा दाखवायला घेऊन गेला. मळ्यात शिरला की तो कुणाशी एक शब्द बोलत नाही, त्यामुळे तिकडे काही बिघडायची भीती नव्हती. बिघडायचं ते स्वयंपाकघरात. गोमांसाचा रस्सा पहाटेपासून मंद आचेवर होता आणि थोडा आटला होता. मी बाटलीचा कागदसुद्धा पुरता सोडला नाही. मानेपुरता फाडला, बूच काढलं. आमच्या घराण्यात न चाखता भांड्यात काही जात नाही, म्हणून थोडी ग्लासात घेऊन चाखली. बरी होती. दुसऱ्या नंबरला शोभेल अशी.

"रश्श्याला चालेल," मी म्हणाले आणि अख्खी बाटली भांड्यात उपडी केली. फार समाधान वाटलं.

जेवायला बसल्यावर सूप आलं, आणि फेर्नांनं तळघरातून क्लेमांसच्या जन्माच्या वर्षीची बाटली आणली.

"आमच्याकडे पाहुण्यांना ग्राँ क्रू देतात," मी मुद्दाम ठसक्यात सांगितलं.

ओर्तांसबाईंचे ओठ आणखी बारीक झाले. "ग्राँ क्रू? असं का. आमच्या बोर्दोत, लिबुर्न गावाकडे, शेकड्यानं आहेत ते. ट्रॅक्टर दुरुस्त करायला येतो ना, त्याला देतो आम्ही."

त्यांनी एक घोट घेतला. "ठीक आहे," म्हणाल्या. आणि मग तळाशी उरलेल्या सुपात त्यांनी ग्लासातली सगळी वाइन ओतली, वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला! त्यांच्याकडची जुनी रीत आहे म्हणे ही, रोजची वाइन असली की अशीच पितात.

फेर्नां एकवीस वर्षं त्या बाटलीची धूळ पुसत आला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सुपाच्या वाफेनं आलं असं त्यानं सांगितलं.

माझं तोंड मात्र सुटलं. "बाई, अहो, ती पोरीच्या जन्माची वाइन आहे! आणि तुम्ही आणलेली ती दुसऱ्या नंबरची..."

"दुसऱ्या?" ओर्तांसबाई उठून उभ्या राहिल्या. "ती ह्यांनी घेऊन ठेवली होती, बास्तियांच्या लग्नासाठी. हे गेले, तरी मी तिला हात लावला नाही. बास्तियां, ऊठ. निघायचं."

क्लेमांस रडवेली झाली. बास्तियांनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, थांबा दोघी! आई, इथं ग्राँ क्रू म्हणजे सगळ्यांत वरची पायरी. त्यावर काहीच नाही. आणि ब्लांदीनबाई, आमच्याकडे मान जमिनीचा नाही, घराण्याचा. आपल्या देशात बादशहा होता त्या काळात यादी झाली. ज्यांच्या वाइनला वर्षानुवर्षं सगळ्यांत जास्त भाव, ते पहिले. ती यादी आजही जवळजवळ तशीच आहे. प्रीमिए क्रू म्हणजे खरोखरचा पहिला नंबर. असे फक्त पाच आहेत."

"पाच हजार?" मी विचारलं.

"पाच."

ओर्तांसबाई आपल्या रिकाम्या वाडग्याकडे बघत खाली बसल्या. "मी काय केलं हे," त्या पुटपुटल्या. मग नमतं घेऊन म्हणाल्या, "विहीणबाई, माझं चुकलं. माझी बाटली आणा, सगळे मिळून पिऊ."

मी रश्श्याचं भांडं आणून टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"ही घ्या," मी म्हणाले.

पोरीचं लग्न मी स्वतःच्या हातानं शिजवून टाकलं होतं. ओर्तांसबाईंनी पावाचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"ह्यांना रस्सा फार आवडायचा," अखेर त्या म्हणाल्या. "वाढा."

काय जेवलो आम्ही त्या दिवशी! मांस जिभेवर ठेवताच विरघळत होतं. फेर्नांनं तीनदा घेतलं. शेवटी भांडं पावानं पुसायला मी आणि विहीणबाई समोरासमोर होतो, आणि तळाचा शेवटचा थेंब त्यांनी माझ्याकडे सरकवला. लग्न ठरलं, तारीख ठरली, वर त्यांनी रश्श्याची कृतीही विचारून घेतली. मी जिंकले होते. त्याही जिंकल्या होत्या.

तेवढ्यात फेर्नांला बोलायची बुद्धी झाली. "पण ब्लांदीन, ओतायच्या आधी तू चाखलीच असशील ना? तू तर न चाखता काही ओतत नाहीस. मग एवढी भारी वाइन ओळखली कशी नाहीस?"

"वेळच नव्हता," मी तुटक उत्तर दिलं.

"मीही सुपाआधी नुसते ओठ टेकवले," विहीणबाई घाईनं म्हणाल्या.

ताटं ठेवायला गेलेली क्लेमांस स्वयंपाकघरातून परतली. तिच्या एका हातात रिकामी बाटली होती आणि दुसऱ्या हातात ग्लास. ग्लासाच्या कडेला माझ्या लिपस्टिकचा भडक लाल ठसा. "मग हा कुणाचा, आई?"

"माझा," ओर्तांसबाई म्हणाल्या. ज्या बाईनं स्वयंपाकघराचा उंबरासुद्धा ओलांडला नव्हता, आणि जिच्या ओठांना जन्मात रंग लागला नसेल, ती हे बोलली. टेबलाखाली तिनं माझा हात घट्ट दाबला.

माझी विहीण लाखात एक आहे, हे आता मी गावभर सांगते. लग्न द्राक्षतोडणीनंतर आहे. लग्नातली वाइन निवडायचं काम आम्हा दोघींना सोडून कुणालाही द्यावं, असं दोन्ही घरांनी एकमतानं ठरवलं आहे.