उभ्यानं बस्ता

बद्रीनाथने गच्चीवर येऊन आधी मोजलं. माणसं चौदा, खुर्च्या नऊ, सतरंज्या दोन, चहाचे कप सोळा आणि युरोपचा नकाशा एक. यातला नकाशा तेवढा त्याने स्वतः आणला होता. बाकीचं सगळं दगडाअक्काच्या एका फोनमुळे जमलं होतं.

वाळूजला त्याचं छोटं वर्कशॉप होतं. केसाएवढा फरक चालणार नाही असे सुटे भाग तिथे बनत, त्यामुळे मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तोंडातून शब्द काढताना मात्र त्याने माप घेतलं नव्हतं.

झालं होतं ते असं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली तरी सरूबाईला त्याने जवळच्याच म्हैसमाळच्या डोंगरापलीकडे नेलं नव्हतं, आणि म्हैसमाळलाही स्कूटर ढकलतच वर नेली होती. एकदा टीव्हीवर विलायतेतली झगमगीत दुकानं दाखवत होते, तेव्हा भाकरी थापता थापता ती म्हणाली होती, "असल्या दुकानांतून एकदा फिरावं वाटतं." एवढंच. पुन्हा तिने विषय काढला नाही. आता लेकीचं लग्न ठरलं. यंदा गेलो नाही तर पुढे गुडघे जाऊ देणार नाहीत, असा हिशेब करून बद्रीनाथने वहाबभाईच्या ट्रॅव्हल्समध्ये युरोपच्या खरेदी सहलीच्या दोन जागा धरल्या. "शहरं तुम्ही निवडा, नावं व्हिसाच्या टायमाला द्या. तारीख मात्र हलणार नाही," वहाबभाईने सांगितलं. रात्री जेवणं झाल्यावर दोघांनी नकाशा उघडून बसायचं, असं ठरलं होतं.

त्याआधी थोरल्या बहिणीचा, दगडाअक्काचा फोन आला.

"काय रं बद्री, लेकीच्या लग्नाच्या तोंडावर नवरा-बायकू कुठं उंडारायला निघालात म्हणं?"

बद्रीनाथ गडबडला. "उंडारायला नाय, अक्का. लग्नाची थोडी खरेदी तिकडून करावी म्हणलं."

इथे तो फसला. लग्नाची खरेदी म्हणजे बस्ता. आणि बस्ता म्हणजे नुसते कपडे नव्हेत. दोन्हीकडच्या मानकऱ्यांनी गाड्या भरून जायचं, दुकानातल्या गादीवर मांडी ठोकायची, दुकानदाराचं जेवण जेवायचं आणि कोणती साडी कुणाला यावरून दिवेलागणीपर्यंत वाद घालायचा. व्याह्यांना वगळून बस्ता बांधला तर सोयरीक मोडायला दुसरं कारण लागत नाही. अक्काने सगळ्या मानकऱ्यांना निरोप धाडले. फुलंब्रीहून व्याही तात्यासाहेब क्रूझर भरून आले.

"पावणं, आधी सांगायचं तरी," खुर्चीत टेकत तात्यासाहेब म्हणाले. "पासपोर्टला येळ लागतो. आमचे सात धरा."

"सात?"

"ड्रायव्हर सोडून."

"मामाचा मान पहिला," सरूबाईचा भाऊ रामकिसन म्हणाला. "इमानात खिडकी माझी. आत्ताच सांगून ठिवतो."

वहाबभाईचा हात खरा मक्केच्या यात्रेला, उमऱ्याला माणसं पाठवण्यात बसलेला. पण गच्चीवरची डोकी बघून त्याचा चेहरा खुलला होता. "पंधरा हुए तो टूर लीडर मुफ्त. एक और मानकरी निकालो, बद्रीभाई."

"वहाबभाई, तुम्ही तरी यांना समजवा."

"मैं क्या समजाऊँ? आमच्या बहिणीच्या टायमाला आम्ही बावीस जण गेलतो. बस्ता तो बस्ता है."

सतरंजीवर नकाशा पसरला गेला. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर रिकामे कप ठेवायचे होते. अक्काने ठरवलं, जे शहर नापास होईल त्यावरच कप ठेवायचा. म्हणजे दोन्ही कामं होतील.

"लंडन घ्या," रामकिसन म्हणाला. "नाव मोठंय."

"त्याचा व्हिसा अलग लगता."

"आन् लंडनात आपली वळख काय?" तात्यासाहेबांनी विचारलं. "इंग्रज पुण्या-मुंबईवाल्यांचा. आपल्याकडं निजाम होता. आपल्याला तिथं कोण इचारणार?"

लंडनवर कप ठेवला गेला.

"मिलान बघा," बद्रीनाथ म्हणाला. यातून आपली सहल वाचेल अशी त्याला अजून आशा होती. "कपड्यासाठी जग तिथं जातं."

"भाव कमी करत्यात का?" अक्काने विचारलं.

"नाय. चिठ्ठीवर असंल तोच."

"मग दुकानात जायाचं कशाला? चिठ्ठीच मागवून घ्या." मिलानवर कप.

झुरिकची हवा चांगली, असं वहाबभाई म्हणाला. तात्यासाहेबांनी हवेचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सांजच्या धारेला माघारी येता येतंय का?"

"तात्यासाहेब, जायलाच एक दिवस लागतो."

"मग म्हशींचं काय?"

"उधर बहोत गायें है, तात्या."

"त्यांच्याकडं असतील. माझ्या हितं हंबरत्यात, त्यांचं बोला." झुरिकवर कप.

बार्सिलोनात दुपारी काही दुकानं बंद ठेवून लोक झोपतात, असं कळल्यावर पहिल्यांदाच सगळ्यांनी माना डोलावल्या. "शहाणी माणसं," तात्यासाहेब म्हणाले. "पण मग पंगत कवा बसती?"

"कसली पंगत?"

"बस्तेकऱ्यांची. दुकानदार जेवू घालंल ना?"

"तिथं दुकानदार जेवण देत नाय," बद्रीनाथ म्हणाला.

"च्या?"

"नाय."

बार्सिलोनावर कप कुणी ठेवला ते कळलंसुद्धा नाही.

राहिलं पॅरिस. बद्रीनाथने मोबाइलवर तिथल्या एका दुकानाचा फोटो उघडून दाखवला. वर रंगीत काचांचा घुमट, खाली मजल्यावर मजले. अक्काने चष्मा लावला आणि फोटो बोटांनी मोठा करत करत सगळे मजले पाहिले.

"बसायचं कुठं?"

"म्हंजे?"

"गादी कुठं हाय, गादी? ही बाई उभी, ती बाई उभी. गिऱ्हाइकाला बसवत नायत व्हय?"

"उभ्यानंच बघतात, अक्का."

"उभ्यानं बस्ता?" अक्काने मोबाइल त्याच्या हातात परत दिला. "उभ्यानं मयताचं सामान घेत्यात, बद्री."

पॅरिसवर कप आला. तात्यासाहेबांनी पाय लांब केले. "हितंच गुलमंडीच्या बाजारात बांधू. पाठ टेकता येती, आन् जेवण बी बरं असतंय."

"बरं," बद्रीनाथ घाईने म्हणाला, "मग आम्ही दोघंच जाऊन..."

"आता कशापायी?" अक्का म्हणाली. "खरेदी हितं ठरली की."

सबब बद्रीनाथचीच होती, आणि तीच आता त्याच्या वाटेत आडवी पडली होती. सरूबाई कप गोळा करत होती. लंडन उचललं, मिलान उचललं, झुरिक उचललं, बार्सिलोना उचललं. पॅरिसवरचा कप तिने जरा वेळ हातात धरला, पदराने खालचं ओलं वर्तुळ पुसलं आणि ट्रे घेऊन ती खाली गेली.

गुलमंडीचा बस्ता व्हायचा तसा झाला. सरूबाई गादीच्या कडेला बसून मामीला कोणता रंग खुलेल, विहीणबाईंना कोणते काठ चालतील, हे बघत राहिली. सगळ्यांचं झाल्यावर दुकानदाराने विचारलं, "वहिनी, तुमची?" तिने ढिगातली वरची उचलली. "ही ठेवा."

दुसऱ्या दिवसापासून साड्या परत यायला लागल्या. मामीचे काठ बारीक निघाले, विहीणबाईंच्या जावेला जांभळा जांभळा वाटेना. बद्रीनाथ सकाळी वर्कशॉपला आणि संध्याकाळी गुलमंडीला, असं चाललं. तेवढ्यात अक्का पिशवी घेऊन दारात उभी राहिली. "माझी बी बदलून आण. अंगावर जड व्हती."

"अक्का!" बद्रीनाथ पहिल्यांदाच बहिणीवर ओरडला. "मला बस्ता बांधायचाच नव्हता! हिला फिरवायचं होतं! सत्तावीस वर्षांत एकदा! तुझ्या भीतीनं मी खरेदीचं नाव सांगितलं!"

अक्का त्याच्याकडे न बघता सरूबाईकडे वळली. "तुला काय घ्यायचं व्हतं गं तिकडं?"

"काय बी नाय," सरूबाई म्हणाली. "दुकानांतून फिरायचं, सगळं बघायचं, आन् हात हलवत भाईर यायचं. ही कुणाला, ती कुणाला, असं मनात आणायचं नाय. नुसतं बघायचं."

अक्काने पिशवीतली साडी बाहेर काढली, पुन्हा आत ठेवली. तीही जन्मभर मानकरीणच होती.

"दुबईला पोराकडं जायला माझा पासपोर्ट काढलेला हाय," ती म्हणाली. "दोन जागा हायत ना?"

"हायत. पण एक माझी—"

"तू कसा जाशील, बद्री? साड्या कोण बदलणार?"

"आन् तात्यासाहेबांनी इचारलं तर?"

"सांग, बाया देवाला गेल्या. तिकडं बी असंल की एखादा."

शहरं त्याच संध्याकाळी ठरली. पॅरिस सरूबाईने सांगितलं, बार्सिलोना अक्काने. "दुपारचं झोपू देत्यात म्हणं. तिथली माणसं चांगली असणार."

निघायच्या दिवशी बद्रीनाथने वर्कशॉपमधला काटा आणून सरूबाईची बॅग टांगली. कपड्यांवर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, लोणचं, लाडू, आणि अक्काने हट्टाने घातलेली सतरंजी. अठरा किलो चारशे ग्रॅम.

पॅरिसहून एक फोटो आला. काचांच्या घुमटाखाली, अत्तरांच्या कपाटांपाशी, अक्का सतरंजीवर मांडी घालून बसली होती. मागे सरूबाई दोन्ही हात पाठीशी बांधून वर बघत उभी होती. बद्रीनाथने तो गुलमंडीच्या दुकानात पाहिला, जांभळी साडी बदलायचा नंबर येईपर्यंत.

परत आल्यावर सरूबाई घरात शिरली, चपला काढल्या, "च्या टाकते," म्हणाली आणि गुणगुणत स्वयंपाकघरात गेली. खाणं तर संपलं होतं; तिकडून काय आलं ते मोजायला बद्रीनाथने तिची बॅग काट्याला टांगली आणि काटा स्थिर होईपर्यंत थांबला.

नऊ किलो सहाशे ग्रॅम.